चार बोटं वर सरकलेला आरसा

शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये आमच्या घराला लागून एलिया मकासरे यांचं घर होतं. मध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि दोन्ही घरच्या बायकांनी ये-जा करून त्यात एक वाट पाडलेली होती. मी त्यांना एलियामामा म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला दबोरामामी. रक्ताचं नातं काही नव्हतं. मामा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. केस लवकर पिकले म्हणून असेल, पण चाळिशीतच आसपासच्या खेड्यांतली माणसं त्यांना कंपाउंडर आबा म्हणू लागली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं.

१९५३ साली दवाखान्यातले अमेरिकन डॉक्टर कायमचे मायदेशी गेले. जाताना त्यांनी मामांना काचेच्या दोन जाड चकत्या आणि दुर्बिणीचा आरसा कसा घासावा याचं एक पुस्तक दिलं. डॉक्टरांना ते स्वतः करायचं होतं, पण कधी जमलं नव्हतं. मामांनाही दिवसभर दवाखाना असे. म्हणून आरसा बहुतेक मामींनी घासला. अंगणात रेतीने भरलेलं पिंप उभं केलं, त्यावर एक चकती पक्की बसवली, तिच्यावर कुरुंदाच्या दगडाची खरखरीत पूड आणि पाणी, आणि वर दुसरी चकती. ती पुढे-मागे ढकलायची आणि ढकलता ढकलता पिंपाभोवती फिरत राहायचं, म्हणजे काच सगळ्या बाजूंनी सारखी झिजते. चुलीवर डाळ शिजत ठेवून मामी पदर खोचून फेऱ्या घालत. माझी आई कुंपणावरून विचारी, "दबोरा, किती दळण झालं गं?"

"पीठ काही पडत नाही, बाई," मामी म्हणत, "नुसतं जातंच झिजतंय."

मामींना बोलायला फार आवडे. पूर्वी त्या मिशनच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करत, आणि शंभर मुलींच्या गलक्यात राहिलेल्या बाईला दोन माणसांचं घर शांत वाटणारच. आरसा घासतानाही त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून चार शब्द बोलत.

पुढच्या वर्षी नाताळच्या सुमारास आरसा तयार झाला. त्यावर चांदी चढवण्याचं काम मात्र मामांचंच. दवाखान्यातल्या तराजूवर त्यांनी सिल्व्हर नायट्रेट तोलून घेतलं, अमोनिया आणि ग्लुकोजचं पाणी केलं, आणि मामींच्या कणकेच्या परातीत आरसा उताणा ठेवून वर ते मिश्रण ओतलं. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या की दवाखान्यात रोग्यांना मिक्श्चर आणि घरी आरशाला मिक्श्चर, आता आम्ही कणीक कशात मळावी ते सांगा. तासाभराने काच चकाकू लागली. औषधांच्या खोक्यांच्या फळ्यांची चौकोनी लांब नळी केली, तिच्या तळाशी आरसा बसवला, वर तोंडाजवळ एक छोटा तिरका आरसा आणि त्याच्या बाजूला भोकात डोळा लावायचं भिंग. अशी ती दुर्बीण झाली.

आमच्या कंपाउंडच्या पूर्वेला मोकळी जागा होती. शिरूरच्या बाजाराला मांडवगण फराट्याकडून आणि त्या बाजूच्या गावांतून भाजीच्या बैलगाड्या येत, त्या आदल्या संध्याकाळीच येऊन या जागेत सुटत. माणसं तिथे चूल मांडत, जेवत, गाड्यांखाली झोपत आणि पहाटे माल घेऊन बाजारात जात. त्यातले बरेच जण मामांचे दवाखान्यातले ओळखीचे. मामांनी त्यांना एकदा दुर्बिणीतून चंद्र दाखवला आणि मग तो रिवाजच पडला. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मामा दुर्बीण अंगणात काढत आणि गाडीवाले, त्यांच्या बायका, म्हातारीकोतारी ओळीने उभी राहत. चंद्र नसला तर शनी दाखवायचा, नाहीतर कृत्तिका. भिंग नळीच्या वरच्या टोकाशी असल्यामुळे ठेंगण्या माणसांना स्टुलावर चढावं लागे. मांडवगणची धुरपदा स्टुलावर चढली की विचारी, "आबा, आमचं मालक सांजंचं कुठं जात्यात त्ये दिसंल का ह्यातनं?" आणि तिचा नवरा सोपानराव खालून म्हणे, "चंद्रावर जातो म्हनून सांग तिला, आबा. तितं तरी गाठायची न्हाई."

१९५९ च्या उन्हाळ्यात मामी विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, कित्येक आठवडे तिथे ठेवलं, पण हाड जुळलं नाही. त्यानंतर सांधेही धरत गेले. मामी मधल्या खोलीत खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर पडल्या त्या पडल्याच. उठवून बसवलं तरी त्यांच्या तोंडाला घाम फुटे. एकदा मामांनी त्यांना दोन्ही हातांवर उचलून अंगणात नेलं आणि भिंगापर्यंत उंच धरायचा प्रयत्न केला. मामींची शुद्ध हरपली. पुन्हा कधी तो प्रयत्न झाला नाही.

तरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी घर भरलेलं असे. अंगणातला सगळा गलका खिडकीतून आत येई. बायकांनी चंद्र पाहिला की त्या पाणी प्यायला म्हणून आत येत आणि मामींच्या खाटेभोवती फरशीवर बसत. मामी विचारत, काय दिसलं? धुरपदा म्हणे, "भाकरी. एका अंगानं करपल्याली." साळूबाई नावाची एक म्हातारी होती, तिला चंद्राच्या तोंडावर देवीचे वण दिसत. कुणीतरी सांगे की पाऊस पडून गेल्यावर चिखलातून गुरं चालत गेली की जशी खुरांची भोकं पडतात, अगदी तसं आहे. मामी वकिलासारखी उलटतपासणी घेत. हिला भाकरी दिसली, तिला वण दिसले, मग खोटं कोण बोलतंय? त्यावर हसणं होई, आणि चंद्र मागे पडून कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या म्हशीला काय झालं, हे सुरू होई. चुली विझेपर्यंत हे चाले.

मामांच्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून बसली होती. ती त्यांनी मला पुष्कळदा बोलून दाखवली. तालुक्यातलं माणूस न् माणूस त्या आरशातून बघून जातं, आणि जिने तो पिंपाभोवती फिरून घासला ती तेवढी आतल्या खोलीत छताकडे बघत पडलेली. तिला दुर्बिणीपर्यंत नेता येत नाही. मग दुर्बिणीत दिसतं ते तिच्यापर्यंत आणायचं. म्हणजे फोटो.

माझे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर मी दौंडला रेल्वेच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीत शिरूरला आईकडे येत असे. त्या वर्षांत दौंडची पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून चालली होती. रविवारी चर्चमधून येताना क्वार्टर्सच्या दारात टेबलं, आरशाची कपाटं, पियानो असं सगळं विकायला मांडलेलं दिसे. अशाच एका गार्डच्या घरून मामांसाठी मी फिल्मऐवजी काचपट्टीवर फोटो घेणारा एक जुना कॅमेरा घेतला आणि एस.टी.त मांडीवर ठेवून शिरूरला आणला. १९६४ ची दिवाळी होती. मामांनी त्याच संध्याकाळी त्याचं पुढचं भिंग काढून टाकलं. मी दचकले. ते म्हणाले, भिंगाचं काम आता आपला आरसा करणार, आपल्याला फक्त त्याची अंधारी पेटी हवी.

पण कॅमेरा दुर्बिणीला लावला तर पट्टीवर काहीच स्पष्ट उमटेना. मामांनी मला औषधाच्या लेबलाच्या मागे चित्र काढून ते समजावलं. आरशाने गोळा केलेला उजेड तिरक्या आरशावरून वळून भोकातून बाहेर येतो आणि भोकाच्या अगदी जवळ चंद्राची प्रतिमा बनवतो. डोळ्याचं भिंग तिथपर्यंत आत सरकवता येतं. कॅमेऱ्याची काचपट्टी मात्र पेटीच्या पोटात, मागे असते. ती तिथवर पोचतच नाही. मग प्रतिमेनेच बाहेर यायला हवं. त्यासाठी तळाचा मोठा आरसा नळीत चार बोटं वर सरकवायचा आणि वरचा तिरका आरसा जरा मोठा बसवायचा. एवढंच, असं मामा म्हणाले. एवढंच करायला त्यांना अख्खा हिवाळा लागला.

त्यांनी नळीचा बुडखा करवतीने कापला, कारण तो तसाच ठेवला तर तोल जात होता. दौंडच्या लोको शेडमध्ये हौशीराम नावाचा फिटर होता. त्याने कॅमेरा बसवायला पितळेची कडी कातून दिली आणि पुढे अशी बैठक करून दिली की ध्रुवाकडे रोखलेला दांडा एका स्क्रूने हळूहळू फिरवला की दुर्बीण ताऱ्याच्या मागे मागे सरकत राहील. हौशीराम माझ्यापाशी म्हणाला, "बाई, इंजनाला येवढं लाडावून ठेवत न्हाई आमी." दुर्बिणीच्या अंगावर एक छोटी दुर्बीण बसवली. तिच्यात मामांनी कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे आडवे-उभे ताणले. त्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा आणि स्क्रू फिरवत राहायचा, म्हणजे फोटो हलत नाही.

आरसा वर सरकला तशी आणखी एक गोष्ट झाली. प्रतिमा बाहेर गेल्यामुळे डोळ्याच्या भिंगातून आता नुसता उजेडाचा धुरळा दिसू लागला. मधे एक लांब नळी घातली असती तर तेही जमलं असतं, पण मामा म्हणाले, ते मागाहून बघू, आधी फोटो.

१९६५ च्या मेच्या सुट्टीत मी आले तेव्हा पहिले फोटो निघत होते. काचपट्टीवर चंद्र सदऱ्याच्या गुंडीएवढा येई आणि तो प्रत्येक वेळी हललेला. कंपाउंडच्या पलीकडून बैलगाडी गेली तरी दुर्बीण थरथरे. चुलींचा धूर आणि कंदिलांचा उजेड तर थेट पूर्वेला. एका बाजाराच्या आदल्या दुपारी मामा गाड्या यायची वाट बघत फाटकात उभे राहिले आणि सोपानरावांना म्हणाले, थोडे दिवस गाड्या नदीकडे चिंचांखाली सोडाल का? का ते त्यांनी सगळं सांगितलं. बाईंना इथून उठता येत नाही, त्यांच्यासाठी फोटो काढतोय.

सोपानरावांनी जुंपलेले बैल तसेच वळवले. म्हणाले, "बाईंसाठी हाय म्हनल्यावर आमी काय आडवं येतोय व्हय? काढा तुमी."

त्या संध्याकाळी मी मामींपाशी बसले होते. दिवेलागण झाली तरी बाहेर शांतता होती. मामी म्हणाल्या, "गाड्या नाही आल्या वाटतं." मामा अंगणातूनच म्हणाले की थोडे दिवस नदीकडे सोडायला सांगितल्यात. मामी म्हणाल्या, "बरं."

चंद्राचा चांगला फोटो त्यानंतर लवकरच निघाला. मामांनी तो पोस्टकार्डाएवढा मोठा करून मामींच्या हातात दिला. मामींनी नीट पाहिला, छान आलाय म्हणाल्या, आणि तो समोरच्या फळीवर ठेवायला सांगितला. मामांना वाटलं, चंद्र तिने पूर्वी पाहिलेला होता, त्यात तिला नवल नाही. काहीतरी मोठं हवं.

मग पावसाळा आला आणि दुर्बीण गोणपाटाखाली गेली. सप्टेंबरात लढाई झाली, दौंडला स्टेशनावरच्या दिव्यांना काळे कागद लागले. ऑक्टोबरात लढाई थांबलेली होती. दिवाळीच्या सुट्टीला मी शिरूरला आले तेव्हा पाऊस संपून कधीच आभाळ निवळलं होतं, पण गाड्या अजून चिंचांखालीच सुटत होत्या.

मामी मला वाळल्यासारख्या वाटल्या. मी पोचताच त्यांनी माझा हात धरला आणि विचारायला सुरुवात केली. एस.टी.त कोण कोण होतं? वाटेत न्हावऱ्याला कोण चढलं? त्या बाईच्या हातात काय होतं? ती उतरताना काय म्हणाली? मी लक्ष दिलं नव्हतं असं सांगितलं तर त्या नाराज झाल्या. मी त्यांना बायबलातली स्तोत्रसंहिता वाचून दाखवू का विचारलं. त्या म्हणाल्या, "ती मला पाठ आहे. तू बसचं सांग."

त्याच दिवसांत वर्तमानपत्रात आलं की पहाटे पूर्वेला मोठा धूमकेतू दिसतोय. गावात त्याला शेंडेनक्षत्र म्हणत आणि लढाईनंतर उगवलं म्हणून भीत. मामांचे डोळे मात्र लकाकले. भाऊबीज झाल्यावर एका पहाटे त्यांनी दुर्बीण अंगणात लावली. मला म्हणाले होते, यायचं तर ये, पण पायरीवर बैस आणि हलू नकोस. मी शाल गुंडाळून बसले. कडुलिंबाच्या मागून तो वर आला होता. डोकं झाडाच्या शेंड्याजवळ आणि शेपूट वर, तिरकं, हात पुरणार नाही इतकं लांब. तो बघायला दुर्बीण लागतच नव्हती. मी नुसती बघत राहिले. मामा मात्र त्याच्याकडे पाठ केल्यासारखे वाकून छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. एक हात स्क्रूवर, आणि ओठ हलत होते, कारण ते सेकंद मोजत होते.

आतून मामींचा आवाज आला. "दिसतंय का हो?" मामा मोजत राहिले. बोलले असते तर मोजणी चुकली असती. थोड्या वेळाने खिडकीतून हलकेच माझं नाव ऐकू आलं. "कसं आहे गं?"

मी म्हटलं, फळ्यावर खडू आडवा धरून एकदाच वर ओढावा, तसं आहे.

"आणखी सांग."

मला आणखी काही सुचेना. खाली दाट आहे आणि वर विरत गेलंय, एवढं मी म्हटलं. पूर्व उजळू लागली तेव्हा मामांनी पट्टी झाकली आणि पाठ धरून उभे राहिले. तोवर धूमकेतू फिका पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत धुतलेला फोटो घेऊन आले. तो अजून ओलसर होता. खरोखर सुंदर आला होता. धूमकेतूचं डोकं कापसाच्या बोंडासारखं आणि त्यातून निघणारं शेपूट, केसाकेसाचं. मामांनी खाटेपाशी स्टूल ओढलं, मामींच्या डोक्याखाली दुसरी उशी दिली आणि फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मी पायथ्याशी उभी होते. मामांच्या चेहऱ्यावर एवढं वाट बघणं होतं की माझ्याने तिकडे बघवेना.

मामींनी बराच वेळ पाहिलं. बोटाने शेपटाच्या कडेने जात राहिल्या. मग म्हणाल्या, "फार छान काढलात. तुम्हाला असा दिसला?"

"मला कुठला? मी तारा धरून बसलो होतो. हे कॅमेऱ्याने बघितलं."

"म्हणजे तुम्हीपण नाही बघितलात."

मामा हसले. म्हणाले, तुझ्यासाठीच होता तो.

"आणि धुरपदा काय म्हणाली शेंडेनक्षत्राला?"

"धुरपदा कुठे येते आता?"

"तेच म्हणते मी," मामी म्हणाल्या. त्यांनी फोटो छातीवर ठेवला. "त्या येऊन सांगायच्या ना. प्रत्येकीचा चंद्र निराळा असायचा. साळूबाईला तर दर खेपेला दुसरंच काही दिसायचं. मला काही कमी नव्हतं हो. तुम्ही विचारलंच नाहीत."

हातात काही नव्हतं म्हणून मामांनी उशीचा अभ्रा सरळ केला. नंतर म्हणाले, "तू मे महिन्यातच का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढे खपत होतात. माझ्यासाठी."

त्याच आठवड्यात बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मामा नदीकडे गेले. मला त्यांनी बरोबर घेतलं. एकट्याने मागायला जायला त्यांना संकोच वाटला असावा. चिंचांखाली गाड्या सुटलेल्या होत्या. शेजारी एका माणसाने चहाचं दुकान टाकलं होतं आणि तिथे रेडिओ लागला होता. मामांनी सांगितलं की फोटो झाला, आता पूर्वीसारखं तिकडेच सोडत चला. सोपानरावांनी त्यांना गाडीच्या जुवावर बसवलं, चहा मागवला. फोटो निघाला हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. मग ते खाली बघत म्हणाले, "हितं पानी जवळ पडतं, आबा. बैलास्नी बरं. आन् ह्या समद्यांस्नी आता सवय झालीया. पर येऊ की आमी. येत जाऊ."

घरी आल्यावर मामा मला म्हणाले की दौंडला गेलीस की हौशीरामला सांग, डोळ्याच्या भिंगासाठी एक लांब पितळी नळी हवी. ती मी नाताळच्या सुट्टीत घेऊन आले. मामांनी ती बसवली, आणि चंद्र पूर्वीइतकाच लख्ख दिसू लागला. आरसा पुन्हा खाली सरकवावाही लागला नाही. इतकं सोपं होतं ते.

नवीन वर्षाच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मामांनी दुर्बीण अंगणात काढली, स्टूल ठेवलं, फाटक उघडं ठेवलं. बऱ्याच वेळाने धुरपदा आणि तिच्याबरोबर एक अनोळखी बाई आली. मामा पुढे झाले. धुरपदा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा, चंद्र हाय तितंच हाय. बाईंस्नी बघाया आले," आणि चपला काढून सरळ आत गेली. आत मामींचा आवाज एकदम चढला. इतके दिवस कुठे मेली होतीस, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि धुरपदाने त्यांना तसंच तोडीस तोड उत्तर दिलं. मग तिघींचं हसणं ऐकू आलं.

मामा दुर्बिणीपाशीच उभे होते. चंद्र भिंगातून निसटला की ते स्क्रू फिरवून त्याला परत आणत. मला म्हणाले, तू बघतेस का? मी स्टुलावर चढून पाहिलं. काय दिसतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चंद्र. ते हो म्हणाले.

त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत धुरपदा जवळजवळ दर बाजाराला येऊन गेली, असं आई सांगे. कधी एकटी, कधी कुणाला घेऊन. गाड्या मात्र परत आल्या नाहीत. ईस्टरच्या आधी मामींना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत त्या प्रभूच्या घरी गेल्या. मला तार मिळून मी पोचले तेव्हा दफन झालेलं होतं. मांडवगणहून दोन गाड्या भरून माणसं आली होती, असं कळलं. साळूबाईही आली होती. बाकीची माणसं गेली तरी ती कबरेपाशी बराच वेळ बसून होती, आणि शेवटी तिला उठवून गाडीत बसवावं लागलं.

त्यानंतर बायकांना घरात यायला कारण उरलं नाही. मी सुट्टीत आले की मामा मला आकाश दाखवायला बोलावत. मी जात असे. दोघं मिळून शनी बघत असू आणि मग बोलायला फारसं काही नसे. फोटो त्यांनी पुन्हा काढला नाही. पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं की तो धूमकेतूचा फोटो शाळेत लावावा. मामांनी तो देऊन टाकला. आरशाची चांदी काळवंडू लागली तेव्हा मी विचारलं, पुन्हा चढवायची का? ते म्हणाले, बघू.

पुढे ते निवृत्त झाले. १९६७ च्या मेमध्ये मी आले असताना एका संध्याकाळी त्यांना धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून बाहेर पडताना पाहिलं. आई म्हणाली, बाजाराच्या आदल्या दिवशी जातात ते नदीकडे, गाड्यांवर. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. दुर्बीण त्यांनी घेतली नव्हती. चिंचांखाली कुणीतरी पोतं अंथरलं आणि ते बसले. कुणाच्या मुलाच्या कानाला आलेलं पाणी त्यांनी बघितलं, थेंब कुठले घालायचे ते सांगितलं. मग विचारू लागले. रस्त्याला कोण भेटलं? सोपानरावांच्या धाकटीचं कुठे जमलं? कांद्याला काय म्हणतायत? माणसं उत्तरं देत होती, चुली पेटत होत्या. धुरपदाने त्यांच्या हातात भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा दिला आणि म्हणाली, "खावा आबा, करपली न्हाई."

परत आल्यावर मामा आमच्या ओसरीवर टेकले आणि त्यांनी आईला सगळं सांगायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला कसा टोमणा मारला, कुणाची म्हैस व्याली. ते मामींइतकं चांगलं सांगत नसत. एकामागून एक, जसं ऐकलं तसं, औषध मोजून द्यावं तसं सांगत. आई त्या वेळी सत्तरीला आली होती आणि तिला लवकर झोप येई. भिंतीला टेकल्या टेकल्या तिचे डोळे मिटले, मान कलली. मामांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी सांगणं मध्येच सोडलं नाही.